पायांत पिसं असलेली कोंबडी

ब्रह्मा जातीच्या कोंबड्या आणायचा विचार असेल तर आधी खुराड्याचं दार मोजा. आमच्या आजऱ्याच्या घरी सासूबाईंच्या वेळचं, गावरान कोंबड्यांसाठी बांधलेलं खुराडं होतं. आमचा कोंबडा दगडू वर्षाचा झाला आणि एका संध्याकाळी त्या दारात अडकला, निम्मा आत निम्मा बाहेर. ओरडला नाही, फडफडला नाही. कुणीतरी येईलच, अशा थाटात उभा. या जातीचा स्वभाव एवढ्यात कळतो. नर पाच किलोच्या पुढं जातो, मादी चारच्या. दार दीड फूट रुंद, दोन फूट उंच हवं आणि आत पक्ष्यामागं निदान पाच चौरस फूट जागा.

नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं असलं तरी जात घडली अमेरिकेत, १८४० नंतर शांघायहून तिकडं गेलेल्या थोराड पक्ष्यांपासून. तुरा बारीक, अंगावर पिसांची गोधडी, पार बोटांपर्यंत. थंडीची काळजी नकोच. आपल्याला पाऊस आणि ऊन सांभाळायचं.

पाऊस जास्त अवघड. पहिल्या जूनमध्ये मी त्यांना अंगणात मोकळं सोडलं. चार दिवसांनी आमची कोंबडी सरू पाय आपटत चालायला लागली. उचलून पाहिलं तर मधल्या बोटाच्या पिसांत चिखल वाळून लिंबाएवढा गोळा झालेला, विटेसारखा कडक. ओढू नका, पिसं उपटतात आणि रक्त येतं. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं धरून ठेवा, गोळा बोटांनी कुस्करा, मग जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडं टिपा. आता पावसाळाभर त्या पत्र्याखालीच असतात. खाली गिरणीतलं भाताचं तूस चार बोटं जाड टाकते. उग्र वास नाकात गेला की ते बदलायला झालं असं समजा.

पाय धुताना खवलेही बघा. वर उचललेले, चुना लावल्यासारखे पांढरट दिसले तर आत बारीक किडे आहेत. पिसांमुळं हे लवकर दिसत नाही, मलाही उशिराच दिसलं. साबणाच्या पाण्यानं धुऊन, पुसून व्हॅसलीन चोपडायचं, काही दिवसांनी पुन्हा. बसायची फळीही घासून काढा.

ती फळी जमिनीपासून फूटभरच उंच ठेवा, चांगली चार इंच रुंद. उंचावरून एवढं वजन उडी मारतं तेव्हा तळवा दुखावतो, त्यात गाठ होते.

एप्रिल-मेमध्ये चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसल्या की थांबू नका. सावली, वाऱ्याची जागा, माठातलं गार पाणी. दाणा पहाटे आणि उन्हं उतरल्यावर. भर दुपारी नको. कुंपणाला भिजवलेलं पोतं बांधलं तर बराच फरक पडतो.

खाण्याचं फार कौतुक नाही. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, थोडी कणी, वाटीत वेगळा शिंपल्यांचा चुरा. मानमोडी रोगाची लस मात्र चुकवू नका, वेळा जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

अंड्यांची घाई करू नका. सरूनं आठव्या महिन्यात पहिलं तपकिरी अंडं दिलं, तोवर घरातल्यांनी मला बरंच ऐकवलं होतं. ब्रह्मा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसते, पण तिच्या वजनाखाली अंडी फुटतात; माझी तीन गेली. म्हणून मी ती गावरान खुडकीखाली ठेवते, सहाच, पेन्सिलीनं खूण करून. तिनं स्वतःचं अंडं घातलंच तर ओळखू येतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, पायांवर लव घेऊन. गेल्या खेपेला तिनं एकाच्या पायावर दोनदा चोच मारून पाहिली, मग पंखाखाली घेतलं.