कोल्हापूरहून परदेशी जाताना: दोन विमानांमधला लांब थांबा कसा वापरावा

कोल्हापूरहून अमेरिका, युरोप किंवा सिंगापूरकडे निघालेल्या प्रवाशाला उजळाईवाडीच्या विमानतळावरून आधी मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूर गाठावे लागते. लांबच्या प्रवासात त्यानंतर दोहा, दुबई किंवा सिंगापूरसारख्या एखाद्या मोठ्या विमानतळावर पुन्हा उतरावे लागते, आणि पुढचे विमान कधी चार तासांनी असते, तर कधी चौदा तासांनी. हे मधले तास बहुतेक जण खुर्चीत अवघडून, मोबाईल चार्ज करायला जागा शोधत घालवतात. वास्तविक हा वेळ उत्तम वापरता येतो. मात्र त्याची तयारी विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे, तर तिकीट काढतानाच करावी लागते.

सर्वात आधी संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर आहे का, हे पाहावे. तसे असल्यास पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. कोल्हापूर ते हैदराबाद एक तिकीट आणि तेथून पुढे दुसरे, असे स्वस्त पडते म्हणून काढले, तर ही जबाबदारी सर्वस्वी आपली होते. शिवाय सामानाचा प्रश्न उभा राहतो, कारण देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान नेता येते, तर अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. वेगळ्या तिकिटांवर हा फरक जादा शुल्काच्या रूपाने उजळाईवाडीलाच भरावा लागतो आणि स्वस्त वाटलेले तिकीट महाग पडते.

पावसाळ्यात निघणाऱ्यांनी मधला थांबा मुद्दाम मोठा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरले की विमान लांबते किंवा रद्द होते, आणि अशा वेळी रस्त्याचाही भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. या दोन महिन्यांत आदल्या दिवशीच मुंबई, हैदराबाद किंवा बंगळूरला मुक्कामाला जाणे आणि तो वेळ विश्रांतीसाठी धरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सामान देताना काउंटरवर बॅगेला जी कागदी पट्टी लावतात, ती तेथेच वाचून घ्यावी. पट्टीवर प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरी खूण छापलेली असते: हैदराबादची ‘एचवायडी’, दोह्याची ‘डीओएच’, सिंगापूरची ‘एसआयएन’. सर्वात ठळक छापलेली खूण आपल्या अखेरच्या मुक्कामाची असेल, तर बॅग थेट तेथेच मिळेल आणि मधल्या थांब्यात हात मोकळे राहतील. ती मधल्याच विमानतळाची असेल, तर तेथे बॅग उचलून पुन्हा द्यावी लागेल आणि मोकळ्या वेळाचा मोठा भाग त्यातच जाईल. पट्टीची छोटी पावती बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून देतात. बॅग हरवल्यास तोच मुख्य पुरावा असल्याने तिचा फोटोही काढून ठेवावा.

आता तासांचा हिशोब. तिकिटावर आठ तासांचा थांबा दिसतो, म्हणजे आठ तास हाती असतात असे नाही. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या, म्हणजे पासपोर्ट-व्हिसा तपासणीच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत दीड तास सहज जातो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी परत यावे लागते, आणि शहरात जाण्यायेण्याचा दीड तास धरला तर खरा वेळ दोनच तासांचा उरतो. म्हणून आठ तासांपेक्षा कमी थांबा असेल तर स्वतःहून शहरात जाण्याचा विचार सोडून द्यावा. दहा-बारा तास असतील आणि ते दिवसाचे असतील, तरच बाहेर पडण्यात अर्थ आहे. रात्रीचे बारा तास मात्र झोपेसाठीच ठेवावेत.

बाहेर पडण्याआधी दुसरा प्रश्न व्हिसाचा असतो. विमान बदलणे आणि त्या देशात प्रवेश करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय पासपोर्टधारकाला सिंगापूरमध्ये पाऊल ठेवण्यासाठी व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांचा वैध व्हिसा हाती असल्यास काही अटींवर ९६ तासांपर्यंतची सवलत मिळू शकते. दुबईसाठी ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा (वाटेतल्या थांब्यापुरता व्हिसा) विमान कंपनीमार्फत आधीच घ्यावा लागतो. काही देशांत तर नुसते विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि तो नसल्यास भारतातच विमानात चढू दिले जात नाही. हे नियम वारंवार बदलतात. त्यामुळे ओळखीच्या कोणी गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये, तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर खात्री करावी.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. २०१९ मध्ये सुरू झालेले ‘ज्वेल’ हे दुकाने आणि बागांचे संकुल आणि त्यातला ४० मीटर उंचीचा धबधबा पाहायचाच, असे ठरवून लोक येतात; परंतु ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणजे त्यासाठी सिंगापूरमध्ये रीतसर प्रवेश करावा लागतो. व्हिसा नसलेल्यांनीही निराश होण्याचे कारण नाही, कारण टर्मिनलांना जोडणारी स्कायट्रेन ज्वेलमधूनच जाते आणि खिडकीशी उभे राहिल्यास धबधब्याचे ओझरते दर्शन घडते. तिसऱ्या टर्मिनलमधली फुलपाखरांची बाग मात्र आतल्या भागात असून तिला तिकीट नाही. प्रवेशास पात्र असलेल्या आणि किमान साडेपाच तासांचा थांबा असलेल्या प्रवाशांसाठी विमानतळातर्फे शहराची मोफत सहल असते. जागा मर्यादित असल्याने तिची नोंदणी लवकर करावी. दोह्याच्या हमद विमानतळावर ‘ऑर्चर्ड’ नावाची मोठी बंदिस्त बाग आहे. तेथे झाडांखाली बसता येते, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर दुकानांच्या झगमगाटापेक्षा तीच जागा अधिक निवांत वाटते.

मुंबईत दिवसभराचा थांबा असेल, तर आता चांगली सोय झाली आहे. मेट्रो ३ ची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपाशी आहेत आणि ही मार्गिका थेट कफ परेडपर्यंत जाते. मोठे सामान क्लोकरूममध्ये शुल्क भरून ठेवावे आणि सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे किंवा हुतात्मा चौक स्थानकावर उतरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावे. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग लांब असते, त्या दिवशी संग्रहालयच बरे. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून बराच दूर आहे आणि तेथील वाहतूक कोंडी लक्षात घेता विमानतळ न सोडणेच योग्य. २०२२ मध्ये उद्घाटन झालेले तेथील दुसरे टर्मिनल बांबू आणि हिरवाईने सजवलेले आहे आणि तेथे दोन तास सहज जातात.

विमानतळाच्या आतच थांबायचे असेल, तर आधी झोप, मग अंघोळ, मग जेवण असा क्रम ठेवावा. लोक नेमके उलटे करतात आणि जड जेवून खुर्चीत डुलक्या काढत राहतात. मोठ्या विमानतळांवर तासांच्या हिशोबाने खोली देणारी ट्रान्झिट हॉटेले असतात. कुटुंब सोबत असेल तर हा खर्च करावा. क्रेडिट कार्डावर लाउंज (विमानतळावरचा विश्रांतीकक्ष) मिळेल असे गृहीत धरू नये, कारण अनेक बँकांनी त्यासाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली आहे. कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात आणि हे काम कोल्हापुरातच उरकावे, कारण परदेशात ओटीपी येईलच असे नाही. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी.

मुला-मुलींकडे एकट्याने निघालेल्या आई-वडिलांसाठी हा थांबा सर्वात कठीण असतो आणि त्याची तयारी मुलांनी मनापासून करून द्यायला हवी. व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबत किंवा निदान ४८ तास आधी नोंदवावी, चालता येत असले तरीही. कारण तिच्यासोबत येणारा कर्मचारी योग्य गेटपर्यंत पोहोचवतो आणि भाषेची अडचण उरत नाही. मात्र लांब थांब्यात व्हीलचेअरच्या प्रवाशांना एका ठरावीक जागी बसवून ठेवतात. त्यामुळे पाणी, दोन वेळचे खाणे आणि सर्व औषधे आई-वडिलांच्या हाताशी असावीत. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठी आणि इंग्रजीत विमानाचा क्रमांक, सुटण्याची स्थानिक वेळ, मुलाचा फोन क्रमांक आणि ‘मला स्वच्छतागृहात जायचे आहे’, ‘माझे गेट कोणते?’ अशी तीन-चार वाक्ये लिहून द्यावीत. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास मागे आणि सिंगापूर अडीच तास पुढे आहे. हातातले घड्याळ भारतीय वेळेवरच राहिले तर विमान चुकण्याची भीती असते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन या प्रवासात कोणत्या वेळी घ्यायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दर तासाला उठून थोडे चालणे पायांची सूज टाळण्यासाठी गरजेचे आहे.

खाण्याच्या बाबतीत आपला भाग सुदैवी आहे. भडंग, दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हातातल्या बॅगेत चालते आणि टिकतेही. कांदा-लसूण मसाला मात्र मोठ्या सामानात ठेवावा, कारण अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी हातात असल्यास वेगळी तपासणी होते. अंबाबाईचा प्रसाद नेताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवाव्यात. तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते आणि विमानात नेऊ देत नाहीत.

गेट बहुधा विमान सुटण्याच्या २० ते २५ मिनिटे आधी बंद होते, आणि मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायलाच अर्धा तास लागू शकतो. त्यामुळे फिरायला निघण्यापूर्वी गेट एकदा प्रत्यक्ष पाहून यावे आणि दर तासाला फलकावर ते बदलले नाही ना, याची खात्री करावी.

परतीच्या प्रवासाचा हिशोब वेगळा असतो. भारतातील पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा ताब्यात घेणे, कस्टम्स आणि पुन्हा बॅगा देणे एवढे सगळे करावे लागते. म्हणून तेथे चार तासांचा थांबाही लांब समजू नये. कोल्हापूरला दिवसाकाठी मोजकीच विमाने येतात आणि एक चुकले तर दुसरे बहुधा दुसऱ्या दिवशीच मिळते. मुंबईत संध्याकाळच्या आत उतरला असाल आणि कोल्हापूरचे विमान दुसऱ्या दिवशीचे असेल, तर बॅगा हाती आलेल्याच असतात. अशा वेळी शेवटचा टप्पा सोडत असल्याचे विमान कंपनीला कळवून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी घरी पोहोचता येते. त्यासाठी परतीच्या तारखेचे रेल्वे आरक्षण आधीच करून ठेवावे, आणि २३ किलोच्या दोन बॅगा असतील तर सीएसएमटीला मेट्रोऐवजी टॅक्सीनेच जावे.