जर्मन शहराचं मानद नागरिकत्व: प्रस्ताव कसा मांडावा

नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात हा मान नगरपरिषद देते. एकट्या महापौराच्या हातात ते नसतं. प्रस्तावात त्या व्यक्तीने याच शहरासाठी काय केलं ते आधी लिहा, कायद्याची अट तीच आहे. नुसत्या जगप्रसिद्धीवर भिस्त ठेवू नका. खरी गोम मतांच्या गणितात. परिषदेच्या कायदेशीर सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं लागतात. सदस्य ६० असतील तर ४०. सभेला ४५ जणच आले तरी आकडा ४०च राहतो, म्हणजे गैरहजर सदस्य विरोधातच धरा. गटनेत्यांशी आधी बोलून घ्या. भर सभेत नाव पडलं तर त्या माणसाची नाहक शोभा होते. मान काढून घ्यायलाही तेवढीच मतं. यातून पासपोर्ट किंवा मतदानाचा हक्क मिळत नाही, हे सत्कारमूर्तींना सांगून ठेवा.