स्तनाच्या कर्करोगानंतर हाडे जपताना आहाराचा हिशेब कसा मांडावा

स्तनाच्या कर्करोगाचे मुख्य उपचार झाल्यावर अनेकींना लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन यांपैकी एखादी गोळी 5 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागते. पाळी गेल्यानंतरही शरीरात थोडेफार इस्ट्रोजेन तयार होत असते, ते ही गोळी जवळजवळ थांबवते. कर्करोग उलटू नये म्हणून हे थांबवणे हवेच असते, परंतु हाडांची झीज आवरून धरणारे संप्रेरकही इस्ट्रोजेनच असल्यामुळे हाडे एरवीपेक्षा वेगाने विरळ होतात. म्हणून हाडांच्या भीतीने गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी आणि आहाराकडे वळावे. या तपासणीतील टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता सांगणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर केवळ आहारावर भागत नाही, औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे लागते.

आहारात पहिले काम मोजण्याचे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या किंवा पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सलग तीन दिवस जे खाल्ले ते लिहून ठेवावे आणि नेहमीचा पेला एकदा मापून पाहावा, कारण ज्याला आपण ‘पेलाभर दूध’ म्हणतो ते पुष्कळदा 150 मिलिलिटरच भरते. 200 मिलिलिटर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि 200 ग्रॅम दह्यातूनही जवळपास तेवढेच. उरलेल्या जेवणाचे अंदाजे 250 धरले, तर बेरीज 730 होते आणि 470 कमी पडतात. कॅल्शियमची गोळी हवी ती एवढ्या तुटीपुरतीच. हा हिशेब न करता दोन-दोन गोळ्या घेणे मला योग्य वाटत नाही, कारण जास्तीच्या कॅल्शियमने हाडे अधिक बळकट होत नाहीत, मुतखड्याचा धोका मात्र वाढू शकतो.

गोळीच्या वेष्टनावरचा आकडाही नीट वाचावा. 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असते. एका वेळी 500 पेक्षा जास्त घेतल्यास त्यातला कमी हिस्सा शोषला जातो, म्हणून अधिक लागत असेल तर मात्रा विभागावी. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, कॅल्शियम सायट्रेट केव्हाही चालते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत 4 तासांचे अंतर ठेवावे. हाडांसाठी अलेंड्रोनेट दिले असेल, तर ते सकाळी उपाशीपोटी केवळ साध्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. ते दुधाबरोबर घेतले, तर औषध जवळपास वायाच जाते.

पालकात कॅल्शियम भरपूर दिसते, पण कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातले फारच थोडे शरीराला मिळते. ब्रोकोली आणि कोबीच्या जातीच्या भाज्यांतले बरेच चांगले शोषले जाते. दूध सोसत नसेल, तर कॅल्शियमने घट्ट केलेला टोफू चालतो. सोयाबद्दल अनेकींच्या मनात भीती असते आणि ती मला समजते. तरी जेवणातला बेताचा सोया सुरक्षित मानला जातो, टाळायचे ते आयसोफ्लेवोनच्या, म्हणजे सोयातल्या इस्ट्रोजेनसारख्या घटकाच्या, तीव्र मात्रेच्या गोळ्या.

ड जीवनसत्त्व रक्त तपासूनच ठरवावे. ते कमी असेल तर खाल्लेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. अनेकींना रोज 800 ते 1000 युनिट सांगितले जाते. ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्यावे. हाडांसाठी डेनोसुमॅबचे किंवा झोलेड्रोनेटचे इंजेक्शन ठरले असेल, तर त्याआधी रक्तातील कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता भरून काढावी आणि दातांची तपासणी उरकून घ्यावी. डेनोसुमॅबची ठरलेली तारीख चुकवू नये, कारण ते मध्येच थांबवल्यास घनता झपाट्याने घटते आणि मणके मोडण्याची भीती असते.

उपचारांच्या काळात तोंडाची चव गेल्याने प्रथिने हमखास मागे पडतात. मूत्रपिंड निरोगी असेल, तर दर किलो वजनामागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने तीन जेवणांत वाटून घ्यावीत. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो आणि तोल सावरणारे स्नायूही त्यांच्यावरच उभे असतात. मीठ बेताचे ठेवावे, मद्य व धूम्रपान सोडावे. रोजच्या चालण्याला आठवड्यातून दोनदा वजनाच्या व्यायामाची जोड द्यावी, मात्र कर्करोग हाडांत पोहोचला असेल तर तो आधी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.