थॅलेसेमिया असलेल्या दत्तक लेकीचा चौथा वाढदिवस : तयारीची यादी

वाढदिवसाची तारीख ठरवताना कॅलेंडरच्या आधी हिमोग्लोबिनचा कागद पाहावा. थॅलेसेमिया मेजर या जन्मजात आजारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, म्हणून अशा मुलांना दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आमच्या लेकीला ते तीन आठवड्यांनी लागते आणि त्यातल्या शेवटच्या चार-पाच दिवसांत तिचा चेहरा पिवळट पडतो, जिना चढताना ती मध्येच बसते आणि क्षुल्लक कारणावरून रडते. गेल्या वर्षी हौसेपोटी आम्ही दाखल्यावरची तारीख पाळली. ती नेमकी रक्त चढवण्याच्या आदल्या दिवशी आली होती, त्यामुळे उत्सवमूर्ती सबंध संध्याकाळ माझ्या मांडीवर डोके टेकून होती आणि केक तिचा हात धरून आम्हीच कापला. यंदा रक्त बुधवारी आणि वाढदिवस शनिवारी, असे ठरवले आहे.

तारीख सरकवायला घरातल्या मोठ्यांची हरकत असेल, तर एक गोष्ट त्यांना शांतपणे सांगावी. जन्मदिवस ठाऊक नसलेले मूल संस्थेत येते, तेव्हा वैद्यकीय तपासणीवरून त्याच्या वयाचा अंदाज बांधतात. तोच अंदाज पुढे दत्तक आदेशात जाऊन जन्मदाखल्यावर उतरतो. (हे आदेश पूर्वी न्यायालय देत असे, १ सप्टेंबर २०२२ पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आहे.) आमच्या लेकीच्या दाखल्यावरची तारीख अशीच ठरलेली आहे. जन्मवेळ नाही म्हणून पत्रिका नाही, आणि पत्रिका नाही म्हणून तिथीही नाही, याची सासूबाईंना फार रुखरुख होती. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला : दाखल्यावरच्या तारखेला घरच्या घरी औक्षण आणि शनिवारी पाहुण्यांसह वाढदिवस. ती घरी आली तो दिवस आम्ही वेगळा पाळतो आणि तो या दिवसात मिसळत नाही.

रक्ताची व्यवस्था तीन आठवडे आधीपासून पाहावी, विशेषतः वाढदिवस मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आसपास येत असेल तर. या काळात महाविद्यालयांना सुट्ट्या असतात, शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. रक्तपेढीला आधी कळवून ठेवावे, हिमोग्राम (रक्ततपासणी) आणि क्रॉसमॅच (दात्याचे रक्त जुळते का याची चाचणी) यांचे सॅम्पल आदल्या दिवशी द्यावे आणि डे-केअरमधली खाट सकाळची मागावी, कारण पिशवी चढायला तीन-चार तास सहज जातात. नातेवाइकांपैकी कोणी ‘भेट काय आणू’ असे विचारले, तर आम्ही रक्तदान सुचवतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत ९० तर स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस झालेले असावेत, एवढे त्यांना आधी सांगून ठेवले म्हणजे हेलपाटा होत नाही. मात्र हे रक्तदान त्यांनी आपापल्या सवडीने रक्तपेढीत जाऊन करावे. वाढदिवसाच्या हॉलमध्येच शिबिर भरवण्याची सूचना आम्हाला दोनदा झाली आणि दोन्ही वेळा आम्ही ती नाकारली, कारण निदान त्या संध्याकाळी तरी तिचा आजार हा कार्यक्रमाचा विषय होऊ नये असे आम्हाला वाटते.

औक्षणाच्या सकाळी घाई होते आणि नेमकी गोळी तेव्हाच चुकते. सतत रक्त चढवल्याने शरीरात साठलेले लोह बाहेर काढण्याची तिची गोळी विरघळणारी आहे. ती पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात नीट ढवळून उपाशीपोटी द्यावी लागते, दुधात देऊन चालत नाही, आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खाता येत नाही. औक्षण झाल्यावर तोंड गोड करण्यासाठी पेढा पुढे येतोच, म्हणून गोळी साडेसातला आणि औक्षण साडेआठला असे सासूबाईंशी आधीच बोलून ठेवले आहे. ताट आदल्या रात्री लावून ठेवावे : निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, कुंकू आणि चार वर्षांचे म्हणून कणकेचे चार दिवे. त्या दिवशी अंगात ताप असेल किंवा जुलाब होत असतील, तर गोळी द्यायची की थांबवायची हे डॉक्टरांना फोनवर विचारूनच ठरवावे. त्यासाठी त्यांचा नंबर फ्रिजवर लावलेला असावा.

आता खाण्याविषयी, कारण खरी लढाई येथे असते. ‘मुलीला रक्त कमी आहे’ एवढे कानावर पडले की मायेची माणसे खजूर, बीट, गुळाची पोळी आणि अळिवाचे लाडू घेऊन येतात. पंडुरोगावर हेच खायला द्यायचे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि एरवी ती चुकीचीही नाही. आमच्या लेकीच्या शरीरात मात्र लोह कमी नसून जास्त आहे. रक्ताच्या एका मोठ्या पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही आणि म्हणून ते हृदयात, यकृतात साठत राहते. पाहुण्यांना हे फोनवर दोन वाक्यांत सांगावे. लोहाचे टॉनिक कोणी आणलेच, तर आभार मानून ते कपाटात वर ठेवावे. एखादा खजूर तोंडात गेला म्हणून मात्र सर्वांसमोर तो तिच्या हातून हिसकावू नये. एका खजुराने काही बिघडत नाही. बेत साधा आहे : इडली, बटाटेवडे, श्रीखंड आणि केक.

पाहुण्यांच्या बोलण्याचीही तयारी करावी लागते. ‘केवढे पुण्य केलेत’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारले जाऊ नये, असे आम्ही जवळच्यांना स्पष्ट कळवले आहे. ती आता सगळे ऐकते, आणि ज्या घरात आपल्यावर उपकार झाले त्या घरात हट्ट करायला मुले बिचकतात. दुसरा ठरलेला प्रश्न असतो, ‘ऑपरेशनने बरे होते म्हणे, मग का करत नाही?’ अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता लागतो, सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि आमच्या लेकीची सख्खी भावंडे कोण आहेत हे आम्हाला माहीत नाही. हे उत्तर मी पाठ करून ठेवले आहे, म्हणजे ते देताना आवाज बदलत नाही. रक्ताच्या नात्याचा विषय कोणी काढलाच, तर दर तीन आठवड्यांनी तिला एका अनोळखी माणसाचे रक्त मिळते, एवढेच मी सांगते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. बुधवारी ज्या हातात सुई लावतील तो शनिवारपर्यंत काळानिळा राहतो, म्हणून फ्रॉक सैल बाह्यांचा घ्यावा आणि बांगड्या दुसऱ्या हातात घालाव्यात. दुपारी दोन तास झोप सक्तीची ठेवावी. कार्यक्रम पाच ते सात एवढाच असावा. पाहुण्यांनी तिचे फोटो आजाराचा किंवा दत्तक असल्याचा उल्लेख करून कोठेही टाकू नयेत, हे निमंत्रणातच लिहावे. एक फोटो मात्र छापून घ्यावा, कारण संस्थेतल्या ज्या मावशींनी तिला पहिले वर्षभर सांभाळले, त्यांना तो दर वर्षी पाठवण्याचा आमचा शब्द आहे. पाकिटावरचे रंगकाम यंदा ती स्वतः करणार आहे, तेव्हा खडूची पेटी रविवारच्या सकाळसाठी बाजूला काढून ठेवावी.