पूरपट्ट्यातली जमीन: शेतीसाठी घेताना, घर बांधताना या चुका टाळा

पूरपट्ट्यातली जमीन बघायला आलेला माणूस मूठभर माती उचलतो, चुरतो, ‘सोन्यासारखी आहे’ म्हणतो आणि व्यवहार ठरवून मोकळा होतो. त्या मुठीत फक्त शेवटच्या काही पुरांचा गाळ असतो. मुळं आणि पाया जातात त्याच्या खाली, आणि खालचे थर नदीने वेगळ्या काळी, वेगळ्या वेगाच्या पाण्याने घातलेले असतात. पुढच्या बहुतेक चुका याच घाईतून निघतात.

सगळा तुकडा एकाच मातीचा समजणं

पाणी काठ ओलांडतं तेव्हा त्याचा वेग पडतो आणि जड रेती काठालाच बसते. त्यामुळे काठालगत थोडी उंच, रेताड पोयट्याची, निचऱ्याची पट्टी तयार होते. काठापासून लांब, पाणी जिथे तुंबून राहतं तिथे बारीक चिकणमाती थर धरते. ती जागा खोलगट आणि पाणथळ असते. मधूनच नदीने सोडून दिलेलं जुनं पात्र जातं: तळाला रेती, वर चिकणमाती आणि कुजलेला पालापाचोळा. वरून सगळं सपाट आणि एकाच रंगाचं दिसत असतं.

उपाय ऑगर, म्हणजे मातीत भोक पाडून नमुना वर काढणारं गिरमीट. हाताने फिरवायचा, 7 ते 10 सेंमी व्यासाचा, जोडदांड्यांसह. शेतीसाठी दीड मीटर खोली पुरते. भोकांची रांग नदीला काटकोनात घ्या. मातीचे पट्टे प्रवाहाला समांतर असतात, त्यामुळे काठाला समांतर दहा भोकं पाडली तरी दहाही एकाच पट्ट्यात पडण्याची शक्यता असते. दर 20-30 मीटरला एक भोक, आणि माती बदलली की मध्ये आणखी एक. निघालेली माती प्लास्टिकच्या कागदावर खोलीच्या क्रमाने मांडा. राखाडी मातीत गंजासारखे तांबडे ठिपके दिसले तर तिथवर पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं. उन्हाळ्यात ते भोक कोरडं असलं तरी ठिपक्यांवरच विश्वास ठेवा. ठिपके नसलेली, सलग निळसर राखाडी माती बहुतेक काळ पाण्याखालीच असते.

पोयटा आणि चिकणमाती यांत गफलत होते. ओल्या मातीची टिकली तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने आडवे झटके द्या. पृष्ठभाग पाण्याने चमकला आणि दाबल्यावर चमक गेली तर तो पोयटा. चिकणमाती चमकत नाही.

मातीपरीक्षणाचा नमुनाही पट्ट्यानुसार वेगळा घ्या. उंचवट्याची आणि खोलगटाची माती एकाच बादलीत कालवली की अहवाल येतो तो शेतात कुठेच नसलेल्या मातीचा.

‘खाली रेती आहे, निचरा होणारच’

होत नाही. वर बारीक माती आणि खाली जाड रेती असेल तर बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात. वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी रेतीत उतरत नाही. मुळं त्या सीमेवर गुदमरतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं रोग पडला. सीमा नांगराच्या टप्प्यात असेल तर थर मिसळा. खोल असेल तर गादीवाफे करा आणि उथळ मुळांचं पीक घ्या.

वाफसा (मशागतीजोगी ओल) यायच्या आत औत घालणं

वरचा पापुद्रा वाळला की लोक ट्रॅक्टर घालतात. खाली वीतभरावर माती अजून लोण्यासारखी असते. चाकाखाली छिद्रं दबतात आणि जो कठीण थर बनतो तो पुढची कित्येक पिकं छळतो. 15-20 सेंमी खोलीवरची माती घेऊन तळहातावर वळा. तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता होत असेल तर घरी जा. वळी चुरत असेल तर वाफसा आहे. ज्याला एवढं थांबवत नाही त्याने पूरपट्ट्यात शेती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर आला म्हणजे खत आलं

नेहमी नाही. संथ पाणी पोयटा आणतं, बांध फोडून आलेलं पाणी रेती आणतं. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे कोसी नदीचा बांध फुटला, नदी जुन्या वाटांनी वाहिली आणि बिहारमधल्या कितीतरी शेतांवर सुपीक गाळाऐवजी रेतीचे थर राहिले. रेती 5 सेंमीपर्यंत असेल तर नेहमीच्या नांगरटीत मिसळते. 5 ते 20 सेंमी असेल तर आधी सारखी पसरा आणि साचलेल्या थराच्या निदान दुप्पट खोल नांगरा. त्याहून जास्त असेल तर बहुतेक वेळा ती उचलावीच लागते. नुसती वरवर वखरून काही साधत नाही.

पुरानंतरचं पहिलं पीक जांभळट आणि खुजं दिसलं तर स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता तपासा. शेत बराच काळ पिकाविना पाण्याखाली राहिलं की मुळांना स्फुरद पुरवणारी बुरशी घटते. नत्रही पाणी तुंबल्यावर वायुरूपाने उडून जातं, म्हणून आधी दिलेला हप्ता हिशेबात धरू नका.

भराव टाकला की प्रश्न मिटला

बांधकामातली ही सगळ्यांत महाग चूक आहे, आणि तरी सगळ्यांची लाडकी. एक मीटर दाबलेला भराव दर चौरस मीटरला 1.8 ते 2 टन भार टाकतो. दीड मीटर भराव म्हणजे जवळपास 3 टन. साध्या घराचा मजलाही साधारण एक टनाच्या आसपास भार देतो. म्हणजे पहिली वीट लावण्याआधीच मऊ चिकणमातीवर दोन-तीन मजले चढलेले असतात. त्यात पायाचा भार त्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत बराचसा विरतो. भराव रुंद असल्यामुळे त्याचा भार खोलवर तसाच पोचतो. पाया भरावातून मूळ जमिनीपर्यंत नेल्यानेही सुटका नाही, कारण मूळ जमीनच खाली जात असते. खांबांवर पाया घेतला तर खचणारी माती खांबांना धरून खाली ओढते, आणि तो जादा भार आराखड्यात धरावा लागतो.

भरावाच्या भाराखाली चिकणमातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि जमीन बसते. ती बसेपर्यंत किती थांबायचं हे चिकणमातीच्या जाडीवर ठरतं. पाणी बाहेर पडायचं अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. ‘एक पावसाळा खाल्ला की भराव बसतो’ हा नियम 1 मीटर थराला कदाचित चालेल, 4 मीटरला अजिबात नाही.

भराव टाकण्याआधी गवत, मुळं आणि वरची काळी माती काढा. मग 20-25 सेंमीचे सैल थर, योग्य ओल, रोलर, आणि प्रत्येक थराची घनता प्रॉक्टर चाचणीच्या (प्रयोगशाळेत माती ठोकून काढलेल्या) कमाल घनतेच्या निदान 95 टक्के. डंपरने एकदम दोन मीटर ओतून वरून रोलर फिरवणं हा देखावा आहे, कारण खालचा भाग सैलच राहतो. मूळ जमिनीवर लोखंडी पत्रा आणि त्याला उभी सळई बसवा. भरावाबाहेरच्या पक्क्या खुणेपासून दर आठवड्याला लेव्हल घ्या. खचण्याच्या आलेखाचा वक्र सपाट झाला की पाया खोदा. थांबायला वेळ नसेल तर चिकणमातीतलं पाणी लवकर बाहेर काढणारे उभे निचरा-पट्टे किंवा कठीण थरापर्यंतचे खांब, आणि ते काम भू-तांत्रिक अभियंत्याचं. ठेकेदाराच्या अंदाजाचं नव्हे.

जुन्या पात्रावर घर

16 जून 1964 च्या भूकंपात जपानच्या निगाता शहरातल्या कावागिशी-चो वसाहतीत, शिनानो नदीकाठच्या भरावाच्या जमिनीवरच्या चार मजली इमारती सबंधच्या सबंध कलल्या. एक तर जवळजवळ आडवी झाली. बांधकाम बरंचसं शाबूत होतं. पाण्याने भरलेली सैल रेती हादऱ्याने द्रवासारखी वागली आणि पायाखालचा आधार गेला. सळई वाढवून हे टळत नाही. भूकंपप्रवण भागात 15-20 मीटर बोअर, दर दीड मीटरला एसपीटी (नमुन्याची नळी जमिनीत ठोकायला किती घाव लागतात याची चाचणी), आणि आकडे कमी आले तर आधी जमीन सुधारणं किंवा दुसरा तुकडा बघणं.

भूकंप नसला तरी अर्धं घर जुन्या पात्रावर आणि अर्धं घट्ट काठावर आलं की दोन्ही अर्धे वेगवेगळे खचतात आणि भिंतीला तिरकी चीर जाते. घर सरकवून एकाच पट्ट्यात घ्या.

बाकीच्या चुका

उन्हाळ्यात पायाची माती तपासणं: वरचा वाळलेला कडक थर फसवतो. खोदून तो काढला की पाया खालच्या मऊ थरावर बसतो. रेतीत पाणी पायाच्या तळापर्यंत चढलं तर जमिनीची भार पेलण्याची क्षमता जवळपास निम्मी होते. पावसाळ्यातली पातळी धरा.

चिकणमाती फुगते का हे न बघणं: 425 मायक्रॉन चाळणीतून गेलेली 10-10 ग्रॅम माती दोन मापक नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, 24 तास. पाण्यातल्या मातीचं घनमान रॉकेलमधल्यापेक्षा 50 टक्क्यांहून जास्त निघालं तर साधा उथळ पाया नको.

‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, असं धरणं: तो दरवर्षी एक टक्का शक्यतेचा पूर आहे. 30 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के.

भिंतीला पाण्याची वाट न ठेवणं: बाहेर 1 मीटर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर अर्धा टन रेटा येतो, 2 मीटरला दोन टन. पुरात बुडणाऱ्या खालच्या खोल्यांना झडपा ठेवा, पाणी आत येऊ द्या.

शोषखड्ड्याचा तळ पावसाळी पाणीपातळीच्या खाली नेणं: मैला थेट शेजारच्या विहिरीत जाऊ शकतो.