चूल पेटते, पण जाळ धरत नाही: पावसाळ्यात विस्तव लावताना या चुका टाळा

गोव्याच्या हवेत घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळावे लागत नाही, असे शहरातला माणूस सहज म्हणून जातो, आणि पणजीपुरते ते बव्हंशी खरेही आहे. परंतु सत्तरी, सांगे, काणकोण किंवा पेडणे या तालुक्यांतल्या ज्या घरांना मागच्या बाजूला अजून न्हाणी आहे, तिथे आषाढात भाणीखाली, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवण्याच्या तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली, विस्तव लागला नाही तर लहानांची आंघोळ, म्हाताऱ्यांचे सांधे, चार दिवस न वाळलेली दुपटी आणि बाळंतिणीची खोली असे सगळेच अडून बसते. झाड पडून विजेची तार तुटली आणि रस्त्यावर पाणी आल्यामुळे सिलिंडरची गाडी फिरकली नाही, की घरात विस्तव लावता येणारी किती माणसे उरली आहेत ते त्या एका दिवसात कळते.

आमच्या घरी ते आजी गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कळले. वडिलांना ताप होता, वीज दोन दिवस नव्हती, आणि लहानपणापासून आजीला चूल पेटवताना पाहिल्यामुळे ते काम मलाही येते, अशी माझी ठाम समजूत होती. पाऊण तास गेला, अर्धी काडेपेटी संपली आणि न्हाणी धुराने भरून गेली. शेवटी शेजारच्या काकी आल्या, त्यांनी चुलीत भरलेल्या लाकडांतली अर्ध्याहून अधिक बाहेर ओढून काढली आणि म्हणाल्या, "बाये, इतलीं लाकडां चेपल्यार वारो खंयच्यान भितर सरतलो?" (बाई, इतकी लाकडे कोंबल्यावर वारा कुठून आत शिरणार?) पुढच्या दहा मिनिटांत भाणीखाली स्वच्छ जाळ लागला होता. त्यानंतर मी हे काम त्यांच्या हाताखाली नव्याने शिकले, आणि तेव्हा ध्यानात आलेल्या चुका येथे लिहीत आहे.

जळणाचे काम मे महिन्यावर ढकलणे

पावसाळ्यात चूल धुमसण्याचे खरे कारण बहुतेक वेळा काही महिने आधी घडलेले असते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि ते पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत लाकूड जळण्याइतके तापतच नाही. याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चाळीस लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे तर सुमारे ५ मेगाज्यूल उष्णता प्रत्यक्ष पाण्यात शिरली पाहिजे. उघड्या चुलीवर जळणातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. वीस टक्के ओल उरलेले, म्हणजे चांगले वाळलेले, एक किलो लाकूड सुमारे १४ मेगाज्यूल उष्णता देते, त्यामुळे तीनेक किलो जळणात आंघोळीचे पाणी तापते. निम्मे पाणी असलेल्या लाकडातून किलोमागे सुमारे ८ मेगाज्यूलच मिळतात, म्हणजे तेवढ्याच पाण्यासाठी पाच किलोंहून अधिक लाकूड लागते. शिवाय असा जाळ मुळातच मंद असल्यामुळे प्रत्यक्षात लाकूड त्याहूनही जास्त जाते आणि घरभर धूर होतो तो वेगळाच.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे लाकूड वाळवायला नोव्हेंबर ते मे एवढाच काळ हाती असतो, आणि डिसेंबरपर्यंत तोडून फोडून रचलेले जळणच जूनमध्ये विश्वासाने वापरता येते. येथे फोडणे हा शब्द महत्त्वाचा आहे. अख्ख्या ओंडक्याची साल पाणी आत अडवून धरते आणि ओल मुख्यतः दोन कापलेल्या तोंडांतून हळूहळू बाहेर पडते. म्हणून मनगटाएवढ्या जाडीच्या फाका करून ठेवाव्यात. अंगणात वर्षभर पडून राहिलेला ओंडका वरून करडा आणि कोरडा दिसतो, पण कुऱ्हाड घातली की आतून थंडगार ओला निघतो. (झाड स्वतःच्या भाटातले, म्हणजे बागायतीतले, असले तरी ते तोडण्यासाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते. वाळून पडलेल्या फांद्या आणि माडाचे जळण यांवरच पुष्कळशा घरांचे भागते.)

रचण्याची जागाही विचार करून ठरवावी. पावसाची झड नैऋत्येकडून येते, म्हणून जळण पूर्वेकडच्या किंवा उत्तरेकडच्या पडवीत, खाली चिरे मांडून आणि त्यांवर बांबू आडवे टाकून रचावे. ते भिंतीला टेकवू नये, हातभर वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी, म्हणजे वाळवीही घराच्या लाकडी खांबांकडे सहज वळत नाही. लोक ढीग चारही बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि आपण जळण जपले असे समजतात. प्रत्यक्षात लाकडातली ओल आतच कोंडते आणि पंधरवड्यात बुरशी धरते. वरून झाकावे आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. या ढिगात फुरसे, घोणस आणि विंचू आसरा घेतात, म्हणून काळोखात हात घालून लाकूड ओढण्याची सवय सोडलीच पाहिजे.

लाकूड वाळले की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. दोन फाका एकमेकींवर आपटाव्यात. वाळलेल्या फाका खणखणतात आणि ओल्या बद्द वाजतात. वाळलेल्या लाकडाच्या तोंडाला चिरा पडलेल्या असतात, साल बोटाने सुटते आणि हातात घेतल्यावर ते दिसते त्यापेक्षा हलके लागते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. जुलैमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की छपराखाली कोरडे ठेवलेले लाकूडही हवेतली ओल पिऊन पुन्हा अठरा-वीस टक्क्यांपर्यंत येते. चुलीवरच्या माळ्यावर चार-पाच दिवसांचे जळण मांडून ठेवण्याची जुन्या घरांतली पद्धत याच कारणाने अत्यंत उपयोगी आहे. आज पेटलेला विस्तव परवाचे लाकूड वाळवत असतो. आजीच्या पश्चात आम्ही तो माळा अडगळ म्हणून रिकामा केला होता. मात्र लाकूड ज्वाळेच्या टप्प्यात येणार नाही इतका माळा उंच असला पाहिजे.

चुलीत लाकूड कोंबणे

लाकूड थेट पेट घेत नाही. आधी त्यातले पाणी जाते, मग अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे त्यातून ज्वालाग्राही वायू निघू लागतात आणि ते वायू जळतात तीच ज्वाळा असते. शेवटी उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. हे वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता आणि पुरेसा वारा लागतो. दोहोंपैकी एक कमी पडले की तेच वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतात. डोळ्यांना झोंबणारा पांढरा दाट धूर म्हणजे वाफ आणि वाया चाललेले जळण होय. त्यावर आणखी एक जाड थंड लाकूड टाकल्यास ते उरलीसुरली उष्णताही ओढून घेते.

म्हणून सुरुवात लहान करावी. जुनी राख दोन बोटांचा थर ठेवून काढून टाकावी, कारण कोरड्या राखेचा थर ओल्या जमिनीपासून विस्तवाला वेगळे ठेवतो, पण राख जास्त झाली तर वाऱ्याची वाट बुजते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन काटक्या समांतर ठेवून त्यांवर आडव्या बारीक काटक्या मांडाव्यात, म्हणजे खालून पोकळी राहते. पोकळीत चुडताची, म्हणजे माडाच्या झावळीची, वाळलेली पाती चुरगाळून घालावीत आणि वारा येतो त्या तोंडाकडून काडी लावावी. चुडत भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, म्हणून त्याचा उपयोग पेटवण्यापुरता समजावा. जाळ धरला की करवंटीचे तुकडे घालावेत. करवंटी घट्ट आणि कोरडी असते, ती कोळशासारखा प्रखर जाळ देते आणि मोठ्या लाकडाला पेट घ्यायला हवा तेवढा वेळ टिकते. सोडणे, म्हणजे नारळाची सोललेली काथ्याची साल, मात्र धुमसणारे असते. विस्तव रात्रभर जिवंत ठेवायचा असेल तर ते उत्तम, पण पाणी लवकर तापवायचे असेल तर निरुपयोगी ठरते.

पुढची लाकडे आडवी टाकू नयेत. त्यांची टोके मध्यभागी एकत्र येतील अशी मांडावीत आणि टोके जळत जातील तसतशी आत सरकवावीत. जाळ कमी करायचा असेल तर लाकूड मागे ओढावे. काजूच्या भाटीवर, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची फेणी गाळतात तिथे, हे काम पाहण्यासारखे असते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हापासून तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते, पण भाणीखाली विस्तव सांभाळणाऱ्या माणसाकडे फारसे कोणी पाहत नाही. जाळ भडकला तर आंबवलेला रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि सगळा घाणा बिघडतो, म्हणून तो माणूस तासन्‌तास दोन लाकडे वीतभर पुढे-मागे करत बसलेला असतो. विस्तवावरचे असे नियंत्रण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

फुंकणीचाही गैरवापर होतो. ज्वाळेवर फुंकर घातली तर ती थंड होऊन विझते आणि राख डोळ्यांत जाते. फुंकर निखाऱ्याच्या बुडाशी, लांब आणि संथ घालावी. बारीक काटक्यांना निखारा धरण्यापूर्वी फुंकून काहीच साधत नाही.

भांडे चुलीवर अगदी चपखल बसणे हाही दोष आहे. भांडे आणि चुलीचा काठ यांत बोटभर फट नसली तर जळलेल्या वायूंना बाहेर जायला वाट उरत नाही आणि धूर चुलीच्या तोंडातून आपल्याकडे येतो. फट फार मोठी झाली तर ज्वाळा भाणीला न लागता बाजूने निघून जाते.

हाताला येईल ते जाळणे

विस्तव लवकर लागावा म्हणून प्लास्टिकची पिशवी पेटवून लाकडांत टाकण्याची सवय आज घरोघरी दिसते, आणि तिच्याविषयी मला तीव्रपणे बोलावेसे वाटते. त्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या व तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो. रंग दिलेली जुनी दारे-खिडक्या, प्लायवूड आणि सनमायका चिकटवलेल्या फळ्या यांनाही हेच लागू आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. किनाऱ्यावर वाहून आलेले किंवा मोडक्या होडीचे लाकूड फुकट मिळते म्हणून जाळू नये, कारण त्यात मुरलेल्या मिठामुळे धूर अधिक घातक होतो आणि तांब्याची भाण खाल्ली जाते.

झाडांची निवडही जाणून करावी. सुरू आणि आकेशिया ही उत्तम जळणे आहेत. आंब्याचे लाकूड हलके असते आणि लवकर जळून जाते. बांबू जाळायचाच असेल तर फोडून घ्यावा, कारण बंद पेरांतली हवा तापून ती फुटतात आणि निखारे उडतात. कण्हेरीच्या फांद्या चुलीत कधीही घालू नयेत, ते झाड सर्वांगाने विषारी आहे. खारफुटीत वाढणाऱ्या गेवा या झाडाचा चीक डोळ्यांना इजा करतो आणि त्याचा धूरही डोळ्यांना झोंबतो. काजूच्या बियांच्या टरफलात कातडीवर फोड आणणारे तेल असते, म्हणून बिया भाजण्याचे काम अंगणातच, वाऱ्याकडे पाठ करून करावे आणि उरलेली टरफले घरातल्या चुलीत घालू नयेत.

रॉकेल ओतून विस्तव पेटवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की धुगधुगत्या निखाऱ्यांवर पडलेल्या रॉकेलची आधी वाफ होते आणि मग ती एकदम भडकते. निखारे जिवंत असताना रॉकेल ओतू नये.

घर बदलले, चूल तीच

मंगळुरी कौलांच्या घरात धूर कौलांच्या फटींतून आपोआप वर निघून जात असे. त्याच जागी स्लॅबचे घर उभे राहिले आणि चूल मात्र तशीच मांडली, तर धूर छताला अडून माणसाच्या उंचीपर्यंत खाली उतरतो. अशा न्हाणीत छताला लागून समोरासमोर दोन झरोके तरी हवेत, किंवा धुराडे हवे. धुराडे छपराच्या कण्याहून दोनेक फूट वर नेले नाही तर पावसाळी वारा धूर परत आत ढकलतो, आणि आतली काजळी वर्षातून एकदा, पावसाआधी, काढली नाही तर ते हळूहळू बुजत जाते.

बंद खोलीतली शेगडी

बाळंतिणीला आणि बाळाला ओवा-शेपांची धुरी व शेक देण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी खोलीत नेतात आणि गारवा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून धोका नाही असे वाटते, आणि हीच यादीतली सर्वांत गंभीर चूक आहे. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे बाळंतपणाचा थकवा समजून सोडून दिली जातात, आणि तान्हे बाळ तर सांगूही शकत नाही. डिसेंबरच्या थंडीत सत्तरीच्या डोंगराकडच्या गावांत निजताना घमेल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांनाही हाच धोका असतो. शेक द्यायचाच असेल तर निखारे बाहेर पूर्ण लाल होऊ द्यावेत, समोरासमोरची एक खिडकी व दार उघडे ठेवावे, शेकून होताच शेगडी बाहेर न्यावी आणि ती आत असताना कोणीही झोपू नये. कोणाला गुंगी आलीच तर आधी त्या माणसाला उघड्या हवेत आणावे आणि लगेच १०८ वर फोन करावा.

विस्तव झाकताना

तापलेल्या मातीच्या चुलीवर पाणी ओतल्यास ती तडकते. निखारे राखेत पुरून ठेवले तर सकाळी काडी न ओढता विस्तव मिळतो. राख बाहेर टाकायची असेल तर ती पत्र्याच्या डब्यात झाकून दोन दिवस ठेवावी, कारण वरून गार झालेल्या राखेच्या पोटात निखारा बराच काळ जिवंत राहतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले तेव्हा डोंगर कित्येक दिवस धुमसत होते. त्या दिवसांपासून आम्ही उन्हाळ्यात काजूच्या पानांवर राख टाकत नाही. डब्यातली राख हाताला गार लागली की ती माडांच्या आळ्यांत जाते.