खिडकीखाली ओल येतेय? आधी मगभर पाणी ओता

नाशिकमध्ये गंगापूर रोड असो की पाथर्डी फाटा, पश्चिमेच्या खिडकीला पावसाचा मारा जास्त. वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्याआधी स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये हळूहळू मगभर पाणी ओता. बाहेरच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून ते लगेच निघून जायला हवं. तुंबलं, तर माती जुन्या टूथब्रशने काढा. कित्येकदा काम करतानाच ही छिद्रं सिलिकॉनने बुजवलेली असतात. ही हलगर्जी मला फार खटकते. मग खालची ग्रॅनाइटची पट्टी बघा. उतार बाहेरच हवा. शिवाय पुढे आलेल्या कडेच्या खालून हात फिरवा: तिथे पट्टीच्या लांबीभर खाच नसेल, तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं. ग्रॅनाइटवाला ग्राइंडरने खाच पाडून देतो. मे संपायच्या आत बोलवा.